ड्रिफ्ट गाड्यांच्या इंजिनाची सीसी का वाढत गेली?

जपानच्या घाटरस्त्यांवर ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळणातून तिरकी नेणं, रुजलं ते छोट्या इंजिनांवर. ड्रिफ्टिंगचे नामवंत चालक केइइची त्सुचिया यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली टोयोटा एई८६ १९८३ मध्ये आली. तिचं ४ए-जीई इंजिन जेमतेम १,५८७ सीसीचं. घाट उतरताना वेग उतारच देतो, तिथे ते पुरून उरायचं. सपाट ट्रॅकवर मात्र मागची चाकं सतत घसरती ठेवायची तर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, लागतो, आणि तो इथे तोकडा पडायचा.

इंजिनं छोटी राहण्यामागे करही होता. जपानमध्ये वाहनकर सीसीनुसार टप्प्याटप्प्याने चढतो आणि लहान गाड्यांच्या वर्गाची हद्द २,००० सीसी आहे. निस्सान सिल्व्हियाला १९९१ मध्ये मिळालेलं एसआर२०डीईटी इंजिन या हद्दीला अगदी खेटून बसलेलं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८६ मिमी, एकूण १,९९८ सीसी. पुढे हजारो ड्रिफ्ट गाड्या याच इंजिनावर उभ्या राहिल्या.

ताकद वाढवायला मोठा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, बसवणं सोपं. पण मोठी टर्बाइन फिरायला वेळ घेते. ड्रिफ्टमध्ये गाडीचा कोन पायाने, अ‍ॅक्सिलरेटरवर सांभाळायचा असतो. ताकद क्षणभर उशिरा आली की गाडी सरळ होते, आणि एकदम आली की गरकन फिरते. सीसी वाढली की खालच्या आरपीएमलाच टॉर्क मिळतो, एक्झॉस्टचा वायू जास्त निघतो आणि टर्बोही लवकर जागा होतो. माझ्या मते सीसी वाढवण्याचं खरं कारण हेच. हॉर्सपॉवरचा मोठा आकडा टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) वाढवूनही गाठता येतो; पायाला लगेच दिलेला प्रतिसाद तसा मिळत नाही.

बोअर फार वाढवता येत नाही, सिलिंडरची भिंत पातळ होते. म्हणून इंजिनात फेरबदल करणारे ट्यूनर स्ट्रोक ठरवणाऱ्या क्रँककडे वळले. ८७ मिमी पिस्टन आणि ९१ मिमी स्ट्रोकची क्रँक घातली की एसआर२० साधारण २,१६४ सीसीचं होतं. वाढ आठ टक्क्यांचीच, पण कोपऱ्यातून बाहेर पडताना ती जाणवते. याची किंमतही आहे: ८,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २२.९ मीटरवरून २४.३ मीटरवर जातो, आणि रॉड-पिस्टनवरचा ताणही वाढतो.

२००१ मध्ये जपानची ड्रिफ्ट स्पर्धामालिका डी१ ग्रां प्री सुरू झाली, तिचे पहिले विजेते नोबुतेरू तानिगुची सिल्व्हियातच होते. अमेरिकेत चित्र पालटलं. तिथल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट स्पर्धामालिकेच्या २००४ च्या पहिल्याच मोसमात सॅम्युएल ह्युबिनेट ८.३ लिटर व्ही१० (दहा सिलिंडरच्या) इंजिनाच्या डॉज व्हायपरवर जिंकले, तर पुढच्या वर्षी रीस मिलन व्ही८ इंजिनाच्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओवर. त्यानंतर सिल्व्हियाच्या बॉनेटखाली जनरल मोटर्सची एलएस ही व्ही८ इंजिनांची मालिका दिसू लागली. १९९७ च्या कॉर्व्हेटमधलं ५.७ लिटरचं एलएस१ संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्याने वरचा भाग आटोपशीर, त्यामुळे अरुंद जागेतही ते मावतं.

तरीही स्ट्रोकरची, म्हणजे स्ट्रोक वाढवून सीसी वाढवण्याची, वाट बुजली नाही. टोयोटाचं तीन लिटरचं २जेझेड इंजिन लांब स्ट्रोकची क्रँक घालून ३.४ लिटरपर्यंत नेतात. आणि फ्रेडरिक ओस्बो यांनी २०१५ चं फॉर्म्युला ड्रिफ्ट विजेतेपद मिळवलं ते चार सिलिंडरच्या सायन टीसीवर. तिच्यातलं २एआर-एफई इंजिन मूळचं अडीच लिटरचं, स्ट्रोक वाढवून २.७ लिटरचं केलेलं.