घरात आजारी माणूस, कामाची वेळ बदलून हवी: अर्ज कसा करायचा

वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. सकाळी साडेसातला नेलं तरी घरी परत यायला एक वाजतो. अशा घरातला माणूस साहेबांपुढे जाऊन "जरा सांभाळून घ्या" म्हणतो, साहेब "बघू" म्हणतात, आणि महिनाभरात दोघंही वैतागतात. कारण नेमकं काय मागितलं आणि काय कबूल झालं, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

आधी कडू भाग. आईवडील किंवा सासूसासरे सांभाळायचे आहेत म्हणून खासगी नोकरीत वेळ बदलून मिळालीच पाहिजे, असा सरसकट हक्क आपल्याकडे कायद्यात नाही. कंपनीचं स्वतःचं धोरण असेल तर ते एचआरकडून मागून वाचा. नसेल तर सगळं मालकाच्या संमतीवर. त्यामुळे घरची अडचण दोन ओळींत लिहा आणि काम कसं अडणार नाही, यावर जास्त शाई खर्च करा.

लहान बाळ असेल तर गोष्ट वेगळी. 2017 च्या दुरुस्तीनंतर पात्र महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी प्रसूती रजा आहे. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं हवं. रजा संपल्यावर, काम तसं असेल आणि दोघांचं एकमत झालं तर, घरून काम करता येतं. कामावर परतल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन सुट्ट्या मिळतात. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मालकाने करायची असते.

राज्य सरकारी नोकरीत महिलांना, आणि पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांना, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत एकूण 180 दिवस बालसंगोपन रजा आहे. आईवडिलांसाठी मात्र अर्जित, अर्धवेतन अशी नेहमीची रजाच वापरावी लागते, आणि रजा नियम 1981 प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही. फेब्रुवारी 2020 अखेरपासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून तपासणीची तारीख शनिवारची मिळते का, हे डॉक्टरांना आधी विचारा. एक रजा वाचते.

आता अर्ज. "कामाच्या वेळेत सवलत मिळावी" एवढंच लिहिलं की नकार सोपा होतो. असं लिहा: "माझ्या वडिलांचे दर सोमवार, बुधवार व शुक्रवारी डायलिसिस असते. या तीन दिवशी मला दुपारी 2 ते रात्री 8 अशी वेळ मिळावी. कमी पडणारे तास मी मंगळवारी व गुरुवारी भरून काढीन. सकाळचे काउंटर सहकारी सांभाळतील, त्यांची संमती सोबत जोडली आहे. ही व्यवस्था तीन महिन्यांसाठी असावी." मुदत जरूर घाला; कायमची सवलत द्यायला कुणीच धजत नाही.

सोबत रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र जोडा. त्यात आजारापेक्षा उपचाराचे वार आणि सोबत माणूस लागतो, हे महत्त्वाचं. नातं दाखवायला रेशनकार्ड चालतं. अलीकडे ॲडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि रुग्ण दिव्यांग असल्यास यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, प्रत. मूळ कागद कुणाकडे सोडू नका.

अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या. होकार आला तर तोही लेखी मागा, आणि पगार तसाच राहणार की तासांच्या हिशेबाने कापणार, हे त्यात असू द्या.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात आवक क्रमांक कसला! तिथं जॉबरला, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाला, सांगायचं, तो मालकाला सांगणार. तरी चालेल, पण रात्रपाळी नको, दिवसपाळी हवी, कुठल्या तारखेपासून, एवढं मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाका आणि त्यांचं "ठीक आहे" जपून ठेवा. घरी विड्या वळणाऱ्या बाईला वेळ आपल्या हातात असते म्हणतात. पण तिची मजुरी नगावर, म्हणून रुग्णालयातले चार तास थेट मजुरीतून जातात. तिला हा अर्ज उपयोगाचा नाही.

स्वतः आजारी असल्याचं खोटं प्रमाणपत्र देऊन वडिलांना नेऊ नका. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होऊ शकतात, पण आजारपणाचा भत्ता विमाधारक स्वतः आजारी असेल तेव्हाचाच. खोटं उघडं पडलं की नोकरीवर बेततं, आणि पुढचा खरा अर्जही कुणी वाचत नाही.

मुदत संपायच्या आठवडाभर आधी ताजं प्रमाणपत्र जोडून मुदतवाढ मागा. मध्येच डायलिसिसचे वार बदलले तर त्याच दिवशी लेखी कळवा.