बोआच्या पेटीत दमट हवा हवी, ओली जमीन नको

पाळलेल्या बोआ कन्स्ट्रिक्टर सापाला दमटपणा लागतो असं कळलं की बहुतेक जण आधी फवाऱ्याची बाटली आणतात. दिवसातून चारदा फवारलं की काच धुकटते, बिछाना चिंब होतो, आणि आर्द्रता तासाभरात पुन्हा घसरते. साप पडून राहतो तो ओल्या जमिनीवर, कोरड्या हवेत.

दमटपणा हवेत असतो. बोआला साधारण ५५ ते ७५ टक्के लागतो. ओल बिछान्यात असते आणि ती बोटांना कळते. दोन्ही चुकल्याच्या खुणा अंगाच्या वेगवेगळ्या जागी दिसतात. हवा कोरडी पडली तर कात एकसंध न निघता तुकड्यांनी निघते, डोळ्यावर जुन्या कातीची टोपी राहते, शेपटीच्या टोकाला कात आवळून बसते आणि तिथला रक्तपुरवठा अडतो. बिछाना सतत ओला राहिला तर पोट बघावं: खवले आधी लालसर-तपकिरी होतात, मग फोड येतात. ओल आणि विष्ठा एकत्र आली की हे झपाट्याने वाढतं. अशा वेळी कोरड्या साध्या कागदावर ठेवून पशुवैद्याकडे न्यावं. ओलीच्या जोडीला थंडी असेल तर श्वसनाचा संसर्ग होऊ शकतो. श्वासाची घरघर, तोंडाशी फेस, उघडं तोंड ही त्याची लक्षणं.

काचेवरच्या थेंबांवरून दमटपणा ठरवू नये. २५ अंशांची हवा ६० टक्के दमट असली तरी काच १६ अंशांपर्यंत गार झाली की थेंब धरतातच. थेंब खोलीच्या गारठ्याचे असू शकतात.

आकडा वाचतानाही हीच गफलत होते. पेटीच्या गार बाजूला २५ अंशांवर ६० टक्के दिसत असताना तीच हवा उष्ण बाजूला ३१ अंशांवर गेली की आकडा ४३ च्या आसपास येतो. वाफ कमी झालेली नसते, हवेची धरायची क्षमता वाढलेली असते. म्हणून एकच हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचा मीटर) असेल तर तो गार बाजूला, सापाच्या उंचीवर लावा; उष्णतेच्या दिव्याखाली किंवा पाण्याच्या भांड्यावर नको. काट्याचे स्वस्त मीटर फार भरवशाचे नसतात, डिजिटलच घ्या. तोही तपासून घ्यावा: झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने दाट लगदा करा, मीटरला न लागेल असा हवाबंद डब्यात मीटरसोबत ठेवा. दहा-बारा तासांनी ७५ च्या जवळ आकडा हवा. जो फरक पडेल तो पुढच्या प्रत्येक वाचनात धरायचा.

आता हवा दमट आणि वरचा थर कोरडा कसा ठेवायचा? नारळाच्या सालीचे तुकडे किंवा तिचाच भुसा ८ ते १० सेंटिमीटर पसरा. पाणी वरून न फवारता कोपऱ्यांत थोडं थोडं ओता. खालचा थर मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडेच लागले पाहिजेत. वाफ खालून सावकाश वर येत राहते, पोटाला ओल लागत नाही. जाळीचं झाकण असेल तर बहुतेक वाफ तिथून निघून जाते. दोन-तृतीयांश जाळी झाका, दिव्याखालची मात्र मोकळी ठेवा. सगळंच बंद केलं तर हवा कोंदते आणि बुरशी धरते. पाण्याचं भांडं मोठं असावं, पण काठोकाठ भरू नये. बोआ आत शिरला की पाणी काठावरून बिछान्यात सांडतं.

ओलीला पेटीत एकच हक्काची जागा आहे: कात टाकायच्या दिवसांतला लपायचा डबा. डोळे निळसर-धुरकट झाले की त्यात घट्ट पिळलेलं स्फॅग्नम (पाणी धरून ठेवणारं) शेवाळ ठेवा. आत जायचं की नाही हे साप ठरवतो, म्हणूनच ही ओल बाधत नाही. कात पडली की शेवाळ काढून टाका.

बोआ दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यातच बसून राहिला तर आणखी पाणी फवारू नका. आधी उष्ण बाजू फार तापली नाही ना ते मोजा, मग हनुवटीखाली आणि डोळ्यांभोवतीच्या खवल्यांच्या फटींत काळे ठिपके हलताना दिसतात का पाहा. ते माइट, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक परजीवी असतात आणि त्यांचा उपाय वेगळा.