तोंडात तीन बोटं मावतात का?

तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, म्हणून सुपारी खाणारा माणूस औषधाच्या दुकानात जातो. बी-कॉम्प्लेक्स घेतो, भाजीतलं तिखट कमी करतो. सुपारी मात्र सुरूच राहते. ही आग बऱ्याचदा सबम्यूकस फायब्रोसिसची, म्हणजे तोंडाचं अस्तर आतून ताठ होत जाण्याच्या आजाराची, पहिली खूण असते आणि हा आजार कर्करोगाच्या आधीची अवस्था मानला जातो.

‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ हे समाधान खोटं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य तोंडाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजनचे, म्हणजे चिवट प्रथिनाचे, जास्त तंतू बनवायला लावतं. तिच्यातल्या तांब्यामुळे या तंतूंची एकमेकांशी घट्ट बांधणी होते आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते मोडेनासे होतात. गालाचं अस्तर पांढुरकं पडतं, आतून बोट फिरवलं तर उभे ताठ पट्टे लागतात, जबडा आखडतो. खर्रा, मावा, गुटखा, गोड सुपारी, सगळ्यांत हेच घडतं. सवय सोडली की आजाराची वाढ रोखता येते, पण तयार झालेले तंतू सहसा विरघळत नाहीत. इंजेक्शनं आणि जबड्याच्या व्यायामाने थोडा फरक पडतो, तोही लवकर आलेल्यांना जास्त.

घरची तपासणी सोपी आहे. तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच मधली तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं जायला हवीत. अक्कलदाढ सुजली तरी उघडणं कमी होतं, पण ते तात्पुरतं असतं.

मग आरसा आणि टॉर्च घ्या. कवळी असेल तर काढा, चूळ भरा. ओठ उलटवून पाहा, गाल बोटाने बाहेर ओढून पाहा, विशेषतः तंबाखूची गोळी किंवा मशेरी जिथे ठेवता ती जागा. जिभेचं टोक स्वच्छ फडक्याने धरून दोन्ही कडा बघा, जीभ टाळूला लावून तिच्याखाली बघा. कडा आणि जिभेखालची जागा सर्वांत जास्त राहून जाते, आणि धोका तिथेही मोठा असतो. पांढरा थर पुसून निघाला तर बहुधा बुरशी. पुसून न निघणारा पांढरा चट्टा दाखवायलाच हवा. मखमली लाल चट्टा त्याहून घातक: दुखत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, अशा बहुतेक चट्ट्यांत पेशी गंभीर बिघडलेल्या किंवा कर्करोगाच्याच निघतात. उन्हात राबणाऱ्यांनी खालचा ओठही पाहावा. तो सतत सोलवटत असेल, ओठ आणि त्वचेमधली रेघ पुसट झाली असेल तर तेही दाखवावं.

टोकदार दाताने झालेली जखम, दंतवैद्याने त्या दाताचं टोक घासून गुळगुळीत केल्यावर, दोन आठवड्यांत भरते. न भरलेली जखम किंवा तेवढ्यात न गेलेला चट्टा दंतवैद्याकडे न्यावा, मलमावर वेळ घालवू नये. बायोप्सीने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. मात्र तो चट्ट्याच्या सर्वांत लाल, जाड किंवा खडबडीत भागातून घ्यायला हवा, नाहीतर अहवाल फसवा येतो. म्हणूनच अहवाल चांगला आला तरी दर काही महिन्यांनी पुन्हा दाखवत राहावं.

नुसतं पाहण्याने काय साधतं, हे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडं तपासली. 2005 साली आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. आता सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीपुढच्यांची ही तपासणी मोफत होते.

तिसरं बोट अडकायला लागलं की तेव्हाच जावं. एकच बोट मावेपर्यंत थांबलं, तर डॉक्टरला आतला चट्टा धड दिसत नाही, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर भुलीसाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी घालणंही अवघड होतं.