जनुक दुरुस्त झालं, औषध निकामी ठरलं

अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे हाय-ग्रेड सीरस. पहिल्या केमोला तो बहुतेकदा छान दाद देतो. कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनम असलेलं औषध आणि पॅक्लिटॅक्सेल, दर 21 दिवसांनी, सहसा सहा सायकल. गाठ परतते ती नंतर. शेवटच्या प्लॅटिनमनंतर सहा महिन्यांच्या आत परतली, तर तिला ‘प्लॅटिनम-रेझिस्टंट’, म्हणजे प्लॅटिनमला न जुमानणारी, म्हणायची पद्धत आहे. ही रेघ माणसांनी सोयीसाठी ओढलेली. पेशींना कॅलेंडर ठाऊक नसतं.

मधल्या काळात काय बदललं, हे कळायला एकाच रुग्णाचे दोन नमुने लागतात. पहिला शस्त्रक्रियेत मिळतो. दुसऱ्यासाठी सहसा कुणी पुन्हा पोट उघडत नाही. पोटात साठलेलं पाणी काढताना त्यातल्या पेशी जमवायच्या, किंवा आधी संमती दिलेल्या रुग्णाचं मृत्यूनंतर काही तासांत शवविच्छेदन करायचं. मेणाच्या ठोकळ्यातले जुने नमुने फारसे कामाचे नसतात: फॉर्मलिनने डीएनएचे तुकडे पडतात आणि त्यातलं ‘सी’ हे अक्षर ‘टी’ म्हणून वाचलं जातं. एकट्या रुग्णालयाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या अनेक संस्थांनी मिळून ते केलं आणि 2015मध्ये 92 रुग्णांच्या संपूर्ण जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध केला.

सुरुवातीपासूनच दाद न देणाऱ्या गाठींत सीसीएनई1 या पेशी-विभाजन पुढे रेटणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती वरचेवर सापडल्या. नंतर निबर झालेल्या गाठींची गोष्ट जास्त विलक्षण आहे. प्लॅटिनम डीएनएची अक्षरं एकमेकांना जखडतं. बीआरसीए जनुक बिघडलेलं असेल, तर पेशीला ही मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही आणि ती मरते. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. ‘कमल परत बटण उचल’ यातली ‘पर’ ही दोन अक्षरं गळाली, की उरतं ‘कमल तबट णउच ल’. जनुक बिघडलं. आता ‘ट’सुद्धा गळाला तर? ‘कमल तबण उचल’. एक शब्द भ्रष्ट, पण पुढचं पुन्हा जागेवर. अशी योगायोगाने सुधारलेली पेशी केमोच्या माऱ्यातून वाचते आणि वाढते. काही रुग्णांत अशा अनेक स्वतंत्र दुरुस्त्या आढळल्या.

दुसरी वाट पंपाची. औषध पेशीबाहेर फेकणारा एमडीआर1 पंप 1976पासून माहीत आहे. काही गाठींत त्याच्या जनुकाला शेजारच्या जनुकाचा चालू स्विच जोडला गेलेला दिसला. हा पंप पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन आणि ओलापॅरिबही फेकतो; कार्बोप्लॅटिन नाही. म्हणजे एक औषध हरलं म्हणून दुसरं त्याच कारणाने हरेल असं नाही. मग पंपच बंद का करू नये? पुष्कळ करून पाहिलं. पण तोच पंप यकृतात, आतड्यात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतो. तो अडवला की केमो शरीरात रेंगाळते, डोस कमी करावा लागतो आणि फायदा तिथेच संपतो.

अंदाज बांधायला मात्र साधी रक्ततपासणीही उपयोगी पडते. फ्रान्समधल्या लिओंच्या संशोधकांनी पुढे आणलेला केलिम हा आकडा केमोच्या पहिल्या 100 दिवसांत सीए-125 हे रक्तातलं, या कर्करोगात वाढणारं प्रथिन किती वेगाने उतरतं ते मोजतो. त्यासाठी किमान तीन नोंदी लागतात. 1 किंवा अधिक आलं तर गाठ केमोला दाद देत असल्याची खूण. तिन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये कराव्यात. यंत्र बदललं की वाचन बदलतं आणि काढलेला वेग फसवा ठरतो.