बेट्स वेगळा, बेटमन वेगळा

नॉर्मन बेट्सबद्दल नव्याने सांगायला नको. हिचकॉकचा ‘सायको’, १९६०, मोटेल, शॉवर, आई. पण नावात ‘सायको’ आहे आणि आडनावही जवळपास तेच, एवढ्यावर २००० सालच्या ‘अमेरिकन सायको’मधला पॅट्रिक बेटमन म्हणजे नॉर्मनचा श्रीमंत चुलतभाऊ, असं धरून चालणाऱ्यांना मी आता कंटाळलो आहे. एक कृष्णधवल, दुसरा रंगीत. एक आडबाजूला मोटेल चालवतो, दुसरा वॉल स्ट्रीटवर मिरवतो. हे पोस्टरवरूनही कळतं, सोडून द्या.

घोळ होतो तो पुढे. नॉर्मनच्या एका देहात तो आणि त्याची आई अशी दोन माणसं राहतात, आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञ येऊन ते फोड करून सांगतो. (मला तो प्रसंग कायम शिकवणीच्या वर्गासारखा वाटतो.) तोच साचा बेटमनला लावला की निकाल ठरलेला: ‘त्याने कुणालाच मारलं नाही, सगळं त्याच्या डोक्यात घडलं.’ पुरावा काय, तर बेटमनचा वकील म्हणतो, ज्याला बेटमन कुऱ्हाडीने मारतो तो सहकारी पॉल अ‍ॅलन जिवंत आहे, दहाच दिवसांपूर्वी लंडनमध्ये आम्ही एकत्र जेवलो.

अहो, पण तो वकील हे कुणाला सांगतोय? समोर साक्षात बेटमन उभा, आणि हा त्याला ‘डेव्हिस’ म्हणतोय! ज्याला स्वतःचा अशील ओळखता येत नाही, तो लंडनमध्ये नक्की कुणाबरोबर जेवला? खुद्द अ‍ॅलन कुऱ्हाड पडेपर्यंत बेटमनला मार्कस हॅल्बरस्ट्रॅम नावाचा दुसराच सहकारी समजत होता. आणि त्या रात्री बेटमन आपल्याबरोबर होता, अशी ग्वाही तपास करणाऱ्या गुप्तहेराला खरा हॅल्बरस्ट्रॅम देऊन बसतो. खुन्याला कष्टच नाहीत. व्हिजिटिंग कार्डांचा प्रसंग आठवा: सगळे व्हाइस प्रेसिडेंट, सगळ्यांचा फोन नंबर एकच, ‘अ‍ॅक्विझिशन्स’चं स्पेलिंग चुकलेलं. ते कुणाला दिसत नाही. कागदाच्या छटेवरून मात्र बेटमनला घाम फुटतो. इथे देह ढीगभर आहेत, माणूस शोधून सापडत नाही. या माणसाला आदर्श मानून ‘सिग्मा’ (म्हणजे एकटा, बेफिकीर ‘मर्द’) रील्स बनवणाऱ्यांनी निदान हा प्रसंग तरी नीट पाहावा.

भास नाहीतच असं नाही. एटीएम मांजर खायला मागतं, पिस्तुलाच्या गोळ्यांनी पोलिसांची गाडी उडते. हे कुणी खरं मानू नये. पण ‘सगळंच स्वप्न’ हे दिग्दर्शिका मेरी हॅरन यांनाही मान्य नाही. प्रेक्षक तसं समजून बाहेर पडतात हे आपलंच अपयश, असं त्या मुलाखतीत म्हणाल्या आहेत. त्यांना शेवट संदिग्ध हवा होता.

माझं मत विचाराल तर वकिलाला सोडा आणि अ‍ॅलनचा फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवणाऱ्या त्या बाईकडे बघा. ज्या घरात प्रेतं असायला हवीत, तिथे ताजा रंग आणि फुलं. टाइम्समधली जाहिरात वाचून आलात का, असं ती विचारते. बेटमन हो म्हणतो. अशी जाहिरातच नव्हती, असं सांगून ती त्याला निघून जायला सांगते, आणि पुन्हा येऊ नका म्हणते. पोलिसांना मात्र बोलावत नाही.