मक्याला चुना लावण्याची गोष्ट

२०२४ च्या मे महिन्यात मेक्सिको सिटीतल्या ‘एल कालिफा दे लेऑन’ या टाकोच्या टपरीला मिशेलिनचा स्टार, म्हणजे हॉटेलांना मिळणारा एक मोठा मान, मिळाला. टाको म्हणजे मक्याची पोळी दुमडून तिच्यात मांस वगैरे भरलेला पदार्थ. जागा जेमतेम दहा फूट बाय दहा फूट, खायचं ते उभ्यानं, आणि यादीत टाकोचे चारच प्रकार. बातम्यांमध्ये तिथल्या मांसाचं भरपूर कौतुक झालं. मांसावर मीठ आणि लिंबू, बाकी मसाला नाहीच. मी मात्र त्या वर्णनात एकाच ओळीवर अडकलो: शेजारीच ताज्या पिठाची टॉर्टिया (टाकोची ती मक्याची पोळी) तापल्या लोखंडावर पडते आणि फुगते.

फुगते, हे महत्त्वाचं. कारण ‘हॉटेलसारखे टाको घरी करा’ छापाच्या कृती वाचून मीही एकदा मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं आणि थापायला बसलो. कडा चिरल्या, निम्म्या टॉर्टिया उलटतानाच तुटल्या. उरलेल्या पुठ्ठ्यासारख्या झाल्या, टाको करायला दुमडल्या की मधोमध मोडायच्या. बरेच दिवस मी माझ्या हाताला दोष देत होतो. दोष पिठाचा होता. गव्हाच्या कणकेला लवचीकपणा देणारं ग्लुटेन हे प्रथिन मक्यात नसतं, त्यामुळे नुसत्या पिठाला ताण धरता येत नाही. मग मेक्सिकोतली टॉर्टिया रुमालासारखी दुमडते कशी? तर तिथले लोक मक्याला चुना लावतात. अगदी शब्दशः.

पद्धत सोपी आहे. एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना. हे पाण्यात घालून उकळीच्या जरा खाली अर्धा-पाऊण तास शिजवायचं आणि रात्रभर तसंच ठेवून द्यायचं. सकाळी पाणी पिवळंधमक आणि बुळबुळीत झालेलं असतं. दाणा चिमटीत धरून चोळला की साल सुटून बोटाला चिकटते. या पाण्याला तिकडे ‘नेखायोते’ म्हणतात, ते ओतून द्यायचं. दाणे दोन-तीनदा धुवायचे आणि ओलेच वाटायचे. वाटून होतो तो ‘मासा’ (मासळीशी संबंध नाही, स्पॅनिशमध्ये मासा म्हणजे मळलेलं पीठ). चुन्यात शिजलेल्या मक्याचं नाव ‘निक्स्तमाल’. नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘नेक्स्तली’ म्हणजे राख आणि ‘तमाली’ म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला पदार्थ. राखेनंही हेच काम होतं, हे त्या नावातच नोंदलेलं आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. थोडं रसायनशास्त्र येईल, दहावीचं पुस्तक आठवा.

मक्याच्या दाण्याची साल म्हणजे एक प्रकारचं सिमेंट काँक्रीट. त्यातल्या सळया सेल्युलोजच्या आणि सिमेंट हेमिसेल्युलोजचं. मक्यातलं हे हेमिसेल्युलोज मुख्यतः ‘अरॅबिनोझायलान’ नावाच्या साखळ्यांचं असतं. या साखळ्यांना बाजूनं फेरुलिक आम्लाचे रेणू लटकलेले असतात आणि ते एस्टर बंधानं जोडलेले असतात. शेजारशेजारच्या दोन साखळ्यांवरचे फेरुलिक रेणू एकमेकांचा हात धरतात आणि साखळ्यांमध्ये टाका पडतो. असे असंख्य टाके. म्हणून मका नुसत्या पाण्यात तासन्‌तास उकळला तरी साल चिवटच राहते.

पण एस्टर बंधाचं एक वैगुण्य आहे: त्याला अल्कली सोसत नाही. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या पाण्याचा पीएच बाराच्या आसपास असतो, म्हणजे त्यात हायड्रॉक्साइड आयनांची गर्दी. हा ऋणभारित आयन एस्टरमधल्या कार्बोनिल कार्बनवर चालून जातो, कारण तो कार्बन शेजारच्या ऑक्सिजनांनी इलेक्ट्रॉन ओढून घेतल्यामुळे किंचित धनभारित असतो. बंध तुटतो. एका बाजूला आम्लाचा क्षार, दुसऱ्या बाजूला अल्कोहोल गट. तेलापासून साबण होतो तो याच अभिक्रियेनं. टाके उसवले की हेमिसेल्युलोज विरघळून डिंकासारखं होतं. पाण्याचा बुळबुळीतपणा तोच. यातला काही डिंक दाण्यावर राहून पिठात उतरतो आणि पीठ बांधून धरायला हातभार लावतो. शिवाय कॅल्शियमला दोन धनभार, त्यामुळे ते दोन ऋणभारित साखळ्यांच्या मध्ये पूल बांधू शकतं. चुन्याऐवजी खाण्याचा सोडा चालेल असं सांगणाऱ्या कृती इथेच फसतात. सोडा तितका जहाल नाही आणि त्यात कॅल्शियमही नाही.

दाण्यातला स्टार्च या वेळात बाहेरून फुगतो, आतून बराचसा कच्चाच राहतो. वाटल्यावर फुगलेला स्टार्च गोंदाचं काम करतो. जास्त शिजवलं तर पीठ हाताला चिकटत राहतं, कमी शिजवलं तर भुगा होतो. नीट जमलेली टॉर्टिया ‘कोमाल’वर, म्हणजे तिथल्या तव्यावर, टाकली की दोन्ही पृष्ठभाग पटकन बंद होतात, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि ती फुगते.

आणि तो वास! टॉर्टियाचा जो खास वास हॉटेलात शिरताच येतो, तो साध्या मक्याच्या कणसाला नसतो. चुन्यात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे तुकडे पडून ‘२-अमिनोअॅसिटोफेनोन’ नावाचं संयुग तयार होतं, त्या वासात त्याचा मोठा वाटा आहे.

युरोपीय लोकांनी अमेरिकेतून मका नेला, चुना तिथेच राहिला. स्पेनमध्ये १७३५ साली गास्पार कासाल या डॉक्टरनं मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये कातडी लाल आणि खरखरीत करणाऱ्या एका रोगाची नोंद केली. पुढे इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ नाव पडलं. जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू. कुणी सडक्या मक्याला दोष दिला, कुणी संसर्गाला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१६ मध्ये स्वतःला आणि सहकाऱ्यांना रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या कातडीच्या खपल्याही गिळल्या. कुणालाच पेलाग्रा झाला नाही. म्हणजे रोग संसर्गाचा नव्हे, आहाराचा. त्यावरचा उतारा निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन हे जीवनसत्त्व, हे १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांतून पुढे आलं.

गंमत अशी की मक्यात नायसिन असतं. पण त्यातलं बहुतेक मोठ्या कर्बोदकांना बांधलेलं असतं आणि आपल्या आतड्याला ते सोडवता येत नाही. कोणत्या बंधानं बांधलेलं? एस्टर! साल सोलायला वापरलेली किल्ली नेमकी याही कुलपाला लागते. अर्थात चुना एकटाच तारणहार नव्हता. तिथल्या जेवणात टॉर्टियाबरोबर घेवडा असतो आणि त्यातल्या ट्रिप्टोफॅनपासूनही शरीर थोडं नायसिन बनवतं.

हे वाचून ‘बघा, प्राचीन लोकांना सगळं विज्ञान ठाऊक होतं’ म्हणायची घाई करू नये. त्यांना जीवनसत्त्व ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. साल सहज निघते आणि पीठ तुटत नाही, एवढं त्यांनी बारकाईनं पाहिलं, आणि तेही काही कमी नाही. उलट बाजूला ‘केमिकल-फ्री’ अशी चिठ्ठी लावून टॉर्टिया विकणारे आहेत. त्यांनी घटकांची यादी एकदा मोठ्यानं वाचावी. पाकिटातलं पीठ घेणाऱ्यांनीही वाचावी. त्यात चुना नसेल तर ते मक्याचं साधं पीठ, त्याची टॉर्टिया होणार नाही.

माझा पुढचा प्रयत्न चुना जास्त पडल्यानं साबणासारखा लागला. त्याच्या पुढच्या वेळी चुना वजनकाट्यावर मोजला, दाणे तीन पाण्यांनी धुतले. सहापैकी दोन टॉर्टिया फुगल्या.