तळपायाची खबर मेंदूपर्यंत

सांगलीच्या आमराईत सकाळी फेऱ्या मारणाऱ्या अनेक ज्येष्ठांचा पक्का समज असतो, की रोज चालतोय म्हणजे आपण पडणार नाही. चालणं हृदयाला, साखरेला उत्तमच. पण सपाट वाटेवर चालताना तोल जातच नाही, मग तो सावरायची सवय कशी लागणार? 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ही घट मुख्यतः तोलाच्या आणि ऊठबस करण्याच्या व्यायामांची होती. नुसत्या चालण्याचा तसा ठोस पुरावा मिळाला नाही.

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका, आणि स्नायू-सांध्यांसह तळपाय. मला सर्वांत नवल वाटतं ते तळपायाचं. शरीर पुढे कललं की चवड्यावरचा दाब वाढतो, त्वचेतले संवेदक ते टिपतात आणि चेतातंतूंमधून विद्युत स्पंद निघतात. मात्र दाब एका ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला तरच स्पंद निघतो. वयाबरोबर, आणि मधुमेहात लवकरच, हा उंबरठा वर चढतो. बारीक झुकाव मेंदूला कळतच नाही. कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे एक विलक्षण गोष्ट घडते. तळव्याला न जाणवतील इतकी सौम्य, अनियमित कंपनं दिली, तर उंबरठ्याच्या थोडा खाली अडकलेला दाब त्यांच्या आधाराने अधूनमधून वर उसळतो. दाब जितका जास्त, तितक्या वेळा तो उसळतो. म्हणजे स्पंदांच्या क्रमात खऱ्या दाबाचा चढउतार उमटतो. याला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात. 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात अशा कंप पावणाऱ्या इनसोलवर (बुटाच्या आत घालायच्या तळगादीवर) उभ्या राहिलेल्या वृद्धांचं डोलणं कमी झालं. डोलणं कमी झालं म्हणजे पडणंही थांबलं, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

जत्रेत मिळणाऱ्या चुंबकाच्या इनसोलमागे असं कुठलंही शास्त्र नाही. त्यावर पैसे घालवू नका. जाड, मऊ गादीचा बूटही पायाला सुखावतो, पण खालच्या जमिनीची खबर बोथट करतो. टाच घट्ट धरणारा, पातळ आणि न घसरणाऱ्या तळाचा बूट बरा. सैल सपाता नकोत.

व्यायामाला खर्च नाही. ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहायचं, टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायचं, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. पूर्वी पडलेल्यांनी आधी फिजिओथेरपिस्टला विचारावं. मधुमेहींनी इनसोल डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा आणि रोज तळवे तपासावेत, कारण बधिर पायाला चुकीच्या इनसोलने झालेला फोडही कळत नाही.